हप्त्याहप्त्याने आलेली आगगाडी

रायगड जिल्ह्यातल्या रेल्वेविषयी बोलायचे तर सुरुवात खोपोलीपासून करावी लागते. मुंबईहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. त्यानंतर तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, रूळ बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला येऊन टेकले. म्हणजे आज आपण ज्याला रायगड जिल्हा म्हणतो त्याच्या पूर्वेकडच्या कडेला आगगाडी आली ती १८५७ च्या उठावाच्याही आधी. पेणहून खोपोली काही फार लांब नाही, मधे एक डोंगराची रांग आणि थोडा घाटरस्ता. पण त्या रांगेच्या अलीकडे, पेण, नागोठणे, रोहे या पट्ट्यात गाडी यायला पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

याचे कारण सोपे आहे. खोपोलीला गाडी आली ती खोपोलीसाठी आलीच नव्हती. तिला घाट चढून दख्खनच्या पठारावर जायचे होते, तिथला कापूस मुंबईच्या गोदीत आणायचा होता. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग खुला झाला, मुख्य लाईन कर्जतवरून वर गेली आणि खोपोली एका फाट्याच्या टोकाला राहिली. नेरळहून माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली, तीही हवा खायला जाणाऱ्यांसाठी. आमच्या जिल्ह्यात रेल्वे दरवेळी दुसऱ्याच कुणाच्या कामाला निघालेली असे आणि वाटेत आम्ही भेटत असू. ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास नीट उलगडतो.

मग या पट्ट्यातली माणसे मुंबईला जात कशी? पाण्याने. पेणचे अंतोरे बंदर, अंबा नदीच्या मुखाकडचे धरमतर, आणि त्याच नदीवर आत असलेले नागोठणे ही आमची जुनी स्टेशने. पेणच्या मिठागरांतले मीठ, खारेपाटातला भात, डोंगरातले लाकूड मचव्यांत आणि पडावांत भरून भरतीच्या पाण्यावर निघत असे. पुढे आगबोटी आल्या आणि धरमतर, रेवस ही नावे मुंबईच्या धक्क्यावर चाकरमान्यांच्या तोंडी बसली. पण बोटीचा भरवसा पावसाळ्यात नसे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. माझ्या लहानपणी आमच्याकडे कुणी पावसाळ्यात मुंबईला निघाले की घरातल्या म्हाताऱ्या बायका एकच विचारीत : “बोटीने नाही ना?”

स्वातंत्र्य मिळाल्यावर रेल्वे येईल असे वाटणे साहजिक होते. चिंतामणराव देशमुखांचे बालपण रोह्यात गेलेले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, आणि १९५२ च्या निवडणुकीत याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले. आपला माणूस तिजोरीच्या किल्ल्या घेऊन बसला आहे, तेव्हा रोह्याला गाडी येणारच, असे बोलणारे लोक माझ्या वडिलांच्या पिढीत होते. त्यांना कुणीतरी सांगायला हवे होते की त्या काळी रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा असे. आणि चिंतामणराव स्वतःच्या गावासाठी गाडी ओढून आणणाऱ्यांपैकी नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले, त्याचा अभिमान मात्र रोहेकरांना आजही आहे.

खरी अडचण वेगळी होती. नवा मार्ग टाकायचा तर रेल्वे विचारते, माल किती मिळेल? कोकणातून जाणारा मुख्य ‘माल’ म्हणजे माणसे, आणि परत येणारा माल म्हणजे मनिऑर्डरी. या हिशेबावर कोकणातून मंगळूरपर्यंत रेल्वे कधीच मंजूर होण्यासारखी नव्हती. तरीही अ. ब. वालावलकरांसारखा अभियंता वर्षानुवर्षे आकडे मांडून ती शक्य आहे, परवडणारी आहे, हे सांगत राहिला. बॅरिस्टर नाथ पै यांनी राजापूरचे खासदार म्हणून हा विषय लोकसभेत लावून धरला आणि १९७१ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर प्रा. मधु दंडवते यांनी तो पुढे नेला. ही नावे रत्नागिरी-सिंधुदुर्गात जितक्या आदराने घेतली जातात तितकी आमच्या उत्तर कोकणात घेतली जात नाहीत, ही खंत मी नोंदवून ठेवतो.

इकडे मात्र रूळ वेगळ्याच निमित्ताने हलले. मध्य रेल्वेवरच्या दिव्याहून पनवेलला १९६४ मध्ये लाईन आली आणि १९६६ मध्ये ती आपट्यापर्यंत वाढली. त्या भागात रासायनिक कारखाने उभे राहत होते. पाताळगंगेकाठी सरकारी क्षेत्रातला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना निघाला आणि तिथल्या स्टेशनला नाव मिळाले ‘रसायनी’. गावावरून स्टेशनला नाव पडते हे आपण नेहमी पाहतो. कारखान्याच्या मालावरून नाव पडलेले हे स्टेशन पाहिले की लाईन कुणासाठी आली हे वेगळे विचारावे लागत नाही.

आपट्याला गाडी आली आणि थांबली. थांबली ती जवळजवळ वीस वर्षे. पेण तिथून इतके जवळ की वाटावे, आता उद्या-परवा येईल. मी त्या काळात शाळेत होतो, मग कॉलेजात गेलो, मग नोकरीला लागलो, लग्न झाले, आणि गाडी आपट्यालाच उभी होती. पुढे १९९५ मध्ये ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाचा शेवट याच आपटा स्टेशनात चित्रित झाला. पडद्यावर ते पंजाबातले स्टेशन आहे. आमच्या भागातल्या लोकांना त्यातली धावती गाडी पाहून बरे वाटले असेल.

दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली ती त्यांच्या कारकिर्दीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आमच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम म्हणजे आपटा ते रोहा हा सुमारे साठ किलोमीटरचा टप्पा पुढे सरकला. संपूर्ण किनारी रेल्वेला पैसा नव्हता. तेव्हा ती तुकड्यातुकड्याने मागायची आणि प्रत्येक तुकड्याला त्याचे स्वतःचे एक कारण द्यायचे, ही युक्ती होती. दिवा-आपटा तुकड्याला रसायनांचे कारण होते. आपटा-रोहा तुकड्याला कारण मिळाले ते नागोठण्याच्या पेट्रोरसायन प्रकल्पाचे. थळला खतांचा मोठा कारखाना येत होता, त्यासाठी पेणहून थळपर्यंत मालगाडीचा फाटा निघाला. आणि रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत होती. माल तयार होता, तेव्हा लाईन आली.

हे काम मी अगदी जवळून पाहिले. त्या वर्षांत मी पेणला राहत होतो आणि रोह्याच्या एका शाळेत इतिहास शिकवीत होतो. सकाळच्या एस.टी.ने पेण, वडखळ, नागोठणे, भिसे खिंड, रोहे असा रोजचा प्रवास. खिडकीशी जागा मिळाली की लाईनचे काम कुठे कुठे दिसे. मधेच ते झाडीमागे, डोंगरामागे जाई आणि दोन-तीन मैलांनी पुन्हा दिसे. दहा महिने शाळा, म्हणजे दहा महिने माझे निरीक्षण चाले. मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये पहिल्या दिवशी बसमध्ये बसलो की सुट्टीत काम किती पुढे गेले ते एकदम लक्षात येई.

पहिल्यांदा आल्या त्या झेंड्या. शेतात काठ्या रोवून लाल-पांढरी फडकी लावलेली, आणि तीन पायांच्या घोड्यावर दुर्बीण लावून डोळा मिटून पाहणारे साहेब. मग चुन्याने रंगवलेले दगड आले. दगड आले तेव्हा लोकांना समजले की हे खरे आहे. नागोठण्याजवळचा एक शेतकरी रोज त्याच थांब्यावर चढे. तो मला म्हणे, “मास्तर, आमच्या खाचरात चुना पडलाय. आता भात लावू का नको?” मी शाळामास्तर, मला सगळे ठाऊक असते असा त्याचा समज. मी म्हणायचो, लाव. त्याने पुढची दोन वर्षे लावला आणि कापलाही. तिसऱ्या वर्षी त्या खाचरातून मुरमाच्या गाड्या जाऊ लागल्या.

त्याची जमीन रेल्वेने अशी घेतली की मधला पट्टा गेला आणि दोन्ही बाजूंना दोन चिंचोळ्या पट्ट्या उरल्या. एक लाईनच्या अलीकडे, एक पलीकडे. मोबदला मिळाला, उशिरा मिळाला, आणि त्या पैशांत दुसरीकडे तेवढी जमीन येत नव्हती. नांगर, बैल, आवण घेऊन भरावावरून पलीकडे जाता येईना, फाटक होते ते अर्धा मैल दूर. लाईन येऊन पंधरा वर्षे झाली तेव्हा पलीकडची पट्टी त्याने विकली होती. गाडीने मात्र तो कधी प्रवास केला नाही असे नाही. मुलीच्या सासरी जाताना तो रेल्वेनेच जाई. त्याच्या बोलण्यात रेल्वेविषयी राग मला कधी जाणवला नाही. हिशेब मात्र सगळा पाठ होता.

भराव हा या कामातला सगळ्यात संथ भाग. आम्हा बाहेरच्यांना वाटे, माती टाकली, दाबली, वर रूळ ठेवले की झाले. पण भरावाला पावसाळे खायला घालावे लागतात. माती टाकायची, एक पाऊस जाऊ द्यायचा, ती बसते. मग पुन्हा टाकायची. उन्हाळ्यात टेकडीएवढी दिसणारी रांग श्रावणात पाहावी तर कुठे खचलेली, कुठे ओघळलेली. पहिल्या वर्षी आमच्या बसमधले लोक हसले होते, “ठेकेदाराची माती वाहून गेली!” दुसऱ्या वर्षी तीच माणसे एकमेकांना समजावीत होती की हे असेच असते, भराव बसतोय.

आणि मोऱ्या. आमच्याकडची जमीन पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरते. सह्याद्रीच्या अंगावर पडलेले पाणी ओढ्यानाल्यांतून खाली येते आणि खाडीला मिळते. पाताळगंगा, भोगावती, अंबा, कुंडलिका या चारी नद्या पश्चिमेला जातात. लाईन मात्र उत्तरेकडून दक्षिणेकडे. म्हणजे प्रत्येक नदी, प्रत्येक ओढा, प्रत्येक पऱ्ह्या तिला आडवा. जिथे पाणी जाते तिथे मोरी हवीच. एखाद्या ठिकाणी ती जरा उंचावर बांधली किंवा अरुंद झाली की वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबलेच. खारेपाटातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. खाडीचे खारे पाणी बाहेर ठेवायला बांध आणि पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडायला उघाडी, यावर त्याचे सगळे आयुष्य चाललेले असते. रेल्वेच्या साहेबांना गावातली म्हातारी माणसे दाखवीत, “साहेब, इथून पाणी येतं.” साहेब उन्हाळ्यात आलेले असत. त्यांना तिथे कोरडी जमीन दिसे. काही साहेबांनी ऐकले आणि काही ठिकाणी पाणी अजून तुंबते.

आठवी-नववीच्या मुलांना मी तेव्हा एक काम दिले होते. आपल्या गावाजवळ लाईनवर किती मोऱ्या आहेत ते मोजून या. भूगोलाचा तास माझा नव्हता, पण मुलांना आवडले. मोऱ्यांची संख्या ऐकून मीच चकित झालो. पुढे कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर तिचे आकडे प्रसिद्ध झाले, सुमारे दोन हजार लहानमोठे पूल आणि नव्वदहून अधिक बोगदे, तेव्हा लोकांनी तोंडात बोटे घातली. आमच्या मुलांना ते कारण आधीच कळलेले होते. पाणी पश्चिमेला जाते आणि गाडी दक्षिणेला, एवढे एकदा ध्यानात आले की पुलांच्या त्या संख्येत नवल राहत नाही.

नागोठण्याकडून रोह्याला जाताना लागणारी भिसे खिंड ही आमच्या बसच्या प्रवासातली सर्वात अवघड जागा. पावसात तिथे बस धापा टाकीत चढे. रेल्वेला तो चढ परवडणार नव्हता, तेव्हा डोंगरातून बोगदा काढला. सुरुंगांचे आवाज येत. बोगद्याच्या तोंडाशी मजुरांच्या झोपड्या पडल्या होत्या. त्यातली बरीच माणसे आंध्र आणि कर्नाटकाकडून आलेली. बायका डोक्यावर घमेली घेऊन रांगेने चालत, त्यांची पोरे खडीच्या ढिगावर खेळत. आमच्या शाळेपासून ही मुले फार लांब नव्हती. त्यांच्यातले एकही मूल कधी शाळेत आले नाही, आणि त्यांना शाळेत आणावे असे तेव्हा कुणाच्या मनातही आले नाही. आज सरकारी नोंदीत त्या बोगद्याची लांबी मिळते, तो कुणी खणला त्यांची नावे मिळत नाहीत.

१९८६ मध्ये गाडी रोह्याला पोहोचली. जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचे रायगड झाले होते, आता रायगडच्या पोटात खऱ्या अर्थाने आगगाडी आली. स्टेशनवर नुसती गाडी पाहायला माणसे जात. जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा ही नावे पिवळ्या पाट्यांवर, तीन भाषांत. हमरापूरचे नाव गणपतीच्या मूर्तींमुळे लोकांना माहीत होते, पण निडीसारखे गाव रेल्वेच्या वेळापत्रकात छापून आले याचे अप्रूप तिथल्या लोकांना बरेच दिवस होते.

उत्साह ओसरायला फार वेळ लागला नाही, आणि त्याचे कारण नकाशातच होते. पेणच्या माणसाला जायचे असते मुंबईला. लाईन नेते दिव्याला. पनवेलहून ती थेट मुंबईकडे न वळता उत्तरेला जाते, दिव्याला मुख्य लाईनला मिळते. तिथे उतरायचे, पूल चढायचा, आधीच भरून आलेल्या लोकलमध्ये स्वतःला कोंबायचे. कारखान्याच्या मालाला याचा काही त्रास नव्हता. माल दिव्यावरून देशात कुठेही जाऊ शकतो. माणसाला होता. तिकडे एस.टी. पेणहून निघून पनवेलवरून, ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल ओलांडून थेट मुंबईत शिरे. तिकीट जास्त, पण एकच बस. शिवाय गाड्या दिवसाला मोजक्या आणि मार्ग एकेरी. समोरून मालगाडी येणार असली की आपली गाडी कुठल्यातरी स्टेशनात बाजूला उभी. बरेच लोक वर्षभर एस.टी.नेच जात राहिले. हार्बर लाईन १९९२ मध्ये वाशीला आणि १९९८ मध्ये पनवेलला आली, तेव्हा कुठे पनवेलला उतरून लोकल पकडण्याचा सरळ रस्ता आम्हाला मिळाला.

आता आपट्याचे झाले ते रोह्याचे होणार, हे सगळे धरून चालले होते. गाडी रोह्याला आली, म्हणजे आता वीस वर्षे रोह्यालाच. पुढच्या तुकड्याला लागणारे निमित्त कुठे होते? माणगाव, महाड, खेड, चिपळूण... कारखान्यांच्या हिशेबाने मंगळूर गाठायला दोनशे वर्षे लागली असती.

तसे झाले नाही, कारण १९८९ च्या डिसेंबरात दिल्लीत दोन माणसे एकाच वेळी खुर्चीवर आली. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री. एक मंगळूरचा, दुसरा राजापूरचा खासदार. तुकड्यांची पद्धत त्यांनी मोडली. रेल्वेच्या रोजच्या अर्थसंकल्पातून न करता वेगळे महामंडळ काढायचे, बाजारातून रोखे विकून पैसा उभा करायचा आणि रोहा ते मंगळूर सलग मार्ग एकदम बांधायचा. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. ई. श्रीधरन प्रमुख झाले. आणि १५ सप्टेंबर १९९० रोजी पायाभरणी झाली ती रोह्याला. ते सरकार नोव्हेंबरात पडले. दोन महिने उशीर झाला असता तर मी आज या विषयावर कदाचित वेगळे काही बोलत असतो.

पुढचे काम मी बसमधून पाहिलेले नाही, आणि ते सांगणारे पुष्कळ आहेत. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवल नदीवरचा ६४ मीटर उंच पूल, पेडण्याच्या बोगद्यात पुन्हा पुन्हा ढासळणारी ओली माती. रोहा ते वीर हा तुकडा १९९३ मध्ये सुरू झाला, कारण त्यात डोंगर कमी होते. २६ जानेवारी १९९८ रोजी सबंध मार्ग खुला झाला. सुमारे त्रेचाळीस हजार लोकांच्या जमिनी या मार्गाखाली गेल्या, हा आकडा मी नागोठण्याच्या त्या शेतकऱ्याला सांगितला तेव्हा तो एवढेच म्हणाला, “म्हणजे आपण एकटे नाही.”

रोह्याला मात्र एक विचित्र मान मिळाला. मध्य रेल्वे रोह्याला संपते, कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते. पुढचे पहिले स्टेशन कोलाड, ते कोकण रेल्वेचे. रूळ सलग आहेत, पाहणाऱ्याला सांधा दिसत नाही. पण खिडकीवर तिकीट काढताना दिसे. रोख्यांचे कर्ज फेडायचे म्हणून कोकण रेल्वेवर अंतर चाळीस टक्के वाढवून भाडे धरले गेले. म्हणजे रोह्याहून उत्तरेला दहा किलोमीटर गेलात तर दहाचे पैसे, दक्षिणेला गेलात तर चौदाचे. माणगावला सासर आणि पेणला माहेर असलेल्या बायकांना हे अर्थशास्त्र लवकर कळले. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेण्याची सोय झाली. मालाची काळजी घ्यायला रेल्वे कधी विसरत नाही.

आणि माणसांची गोष्ट अशी की लाईन पूर्ण झाली आणि गाड्या वाढल्या, पण त्या लांबच्या. पेणच्या फलाटावरून त्या धाडधाड निघून जातात. गणेशोत्सवाच्या आधी तर विशेष गाड्यांची रांग लागते. ज्या गणपतीसाठी ही गर्दी चाललेली असते त्यातल्या कितीतरी घरांतली मूर्ती पेणची किंवा हमरापूरची असते, ती ट्रकने आधीच पुढे गेलेली असते. कोकणाच्या आशेवर आम्ही तुकड्यातुकड्याने ही लाईन पाहिली आणि लाईन सबंध झाल्यावर आम्ही तिच्या मधल्या स्टेशनांत जमा झालो. थांबे मागणारी निवेदने, स्टेशनावरची आंदोलने, थोडे मिळणे, बरेच न मिळणे हे तेव्हापासून चालू आहे.

आमची गाडी होती ती दिवा-सावंतवाडी पॅसेंजर, सगळीकडे थांबणारी. ४ मे २०१४ रोजी निडी आणि रोह्याच्या मधे, भिसे खिंडीच्या बोगद्याजवळ, तीच गाडी रुळांवरून घसरली. वीसच्या आसपास माणसे गेली. लग्नसराईचे दिवस होते, डबे भरलेले होते. बातमीत जागेचे नाव ऐकले तेव्हा मला तो सबंध डोंगर आतून दिसल्यासारखा झाला.

अलीकडच्या वर्षांत पनवेल-रोहा मार्ग दुहेरी झाला, वर विजेच्या तारा आल्या. रोह्यापुढे वीरपर्यंतच्या सुमारे ४७ किलोमीटरचे दुहेरीकरण ३० ऑगस्ट २०२१ रोजी पूर्ण झाले. सबंध कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचे लोकार्पण २० जून २०२२ रोजी झाले. आता नोकरी नाही, घाई नाही, म्हणून दुहेरीचे काम चालू असताना मी अधूनमधून मुद्दाम पॅसेंजरने जाऊन ते पाहत असे. घमेली घेतलेल्या बायकांच्या रांगा आता नव्हत्या. यंत्रे होती, पिवळे कोट घातलेली मुले होती, खडी दाबणारी एक अजस्र गाडी होती. नव्या भरावाला मात्र अजून पाऊस खायला लागतोच. जुन्या मोऱ्यांच्या शेजारी त्याच मापाच्या नव्या मोऱ्या बांधलेल्या दिसल्या. जिथे पाणी तुंबत होते तिथेही.

वीर स्टेशनच्या पुढे हे दोन मार्ग पुन्हा एक होतात. समोरून गाडी येणार असली की आपली गाडी तिथे बाजूला उभी राहते. गेल्या वर्षी अशाच एका मुक्कामात शेजारच्या बाकावरचा महाडकडचा एक तरुण मला विचारीत होता, “काका, डबल लाईन इथेच का थांबलीय?” मी त्याला आपट्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात सिग्नल पडला.